नदीपलीकडचा तडीपार

लग्नाकार्यात कुणीतरी हमखास विचारतं, "वाठोरेबाई, तुम्ही म्हणे गुंडांना जिल्ह्याबाहेर हाकलायच्या हापिसात होता?" झालं! मी हातातली जिलेबी ताटात ठेवते आणि सुरू होते. आमचे हे शेजारून कोपर मारतात, सून डोळे मोठे करते, पण हा विषय निघाला की मला पंगतीचं भान राहत नाही. अठ्ठावीस वर्षं महसूल खात्यात काढली, त्यात सातबारे झाले, निवडणुका झाल्या, टंचाईचे टँकर झाले. ते सगळं मी विसरायला तयार आहे. तडीपारीच्या फायली मात्र विसरत नाही.

आधी एक गोष्ट साफ करते. हाकलायचे ते प्रांतसाहेब. मी त्यांच्या कार्यालयात अव्वल कारकून, म्हणजे हाकलण्याचा कागद टाइप करणारी. सिनेमात तडीपार म्हटलं की काळा चष्मा घातलेला माणूस पुलावरून चालत जातो. आमच्याकडे येणारे बहुतेक जण टायरच्या चपला घालून यायचे आणि व्हरांड्यात बिडी विझवून आत शिरायचे.

कामाची पद्धत सोपी होती. एखाद्या माणसाला मारामारी, चोरी असल्या गुन्ह्यांत शिक्षा झालेली असते, तो शिक्षा भोगून गावात परत येतो आणि लोकांना पुन्हा धाक बसतो. मग पोलीस प्रांतांकडे प्रस्ताव पाठवतात, याला इतक्या जिल्ह्यांतून इतक्या मुदतीसाठी बाहेर काढा. आम्ही त्या माणसाला नोटीस द्यायची, त्याला बोलायची संधी द्यायची, साक्षी घ्यायच्या. जास्तीत जास्त दोन वर्षं. पण काढायचं की नाही, किती जिल्ह्यांतून आणि किती महिने, हे सगळं साहेबांच्या मर्जीवर. मर्जी म्हणजे लहर नव्हे हो! मर्जीची कारणं लिहावी लागतात, आणि ती कारणं लिहिताना भल्याभल्यांच्या कपाळाला घाम आलेला मी पाहिला आहे.

मी सांगते आहे त्या काळातले आमचे साहेब बीडकडचे. खालून चढत आलेले, अंगाने आडवे, तोंडात कायम सुपारीचं खांड. आवाज असा, की व्हरांड्यातली पाखरं उडायची. पण आदेशावर सही करण्याआधी ते पेन उघडून तसंच धरायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "हा जाणार कुठं?" पोलिसांना विचारायचे, वकिलांना विचारायचे, कुणी नसलं तर मला विचारायचे. पोलिसांकडून आलेल्या कागदांत याचं उत्तर कधीच नसायचं. एका ठाण्याचे कागद तर असे यायचे, की गुप्त साक्षीदारांचे जबाब नावं बदलून तेच. एकदा औंढ्याच्या माणसाविरुद्धच्या जबाबात कळमनुरीच्या बाजारातली म्हैस उधळली होती. साहेबांनी ती म्हैस लाल शाईने गोल केली आणि अख्खा प्रस्ताव परत पाठवला.

काय काय नमुने यायचे! औंढा नागनाथच्या यात्रेत खिसे कापणारा एक जण होता, अगदी सभ्य चेहऱ्याचा, कपाळाला बुक्का. त्याला तीनदा शिक्षा झालेली. साहेबांनी विचारलं, "बोल, तुला काय म्हणायचं आहे?" तर हात जोडून म्हणाला, "साहेब, मी कबूल करतो. पन माझा धंदा फकस्त शिवरात्रीचा हाय. बाकी साल मी शेतात राबून राहिलो. मग बारा महिने काहून हाकलता? यात्रेपुरतं हाकला." फौजदारांसकट सगळे हसले. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी त्याच्याकडून लेखी हमी घेतली, की यात्रेचे सगळे दिवस तो पोलीस चौकीसमोर बाकड्यावर बसून राहील. आणि तो बसला! पुढची किती तरी वर्षं बसला. लोक त्याला पोलिसांचाच माणूस समजून देवळाचा रस्ता विचारायचे.

जवळा बाजारचा एक मटकेवाला तर वेगळीच विनंती घेऊन आला. "बाई, साहेबायला सांगा, दोन साल पक्के द्या. मेहुण्यायनी जीव नकोसा केलाय, तेवढीच सुटका." त्याला आम्ही काढलं नाही. बिचारा हिरमुसला होऊन गेला.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं आहे, म्हणून पंगतीत मी एवढंच सांगते. सायलूची गोष्ट सांगत नाही. ती आज लिहिते.

सायलू दगडफोड्या. जाती, पाटे, वरवंटे घडवायचा, घरोघर जाऊन झिजलेल्या जात्यांना छिन्नीने टाकी लावून द्यायचा. कळमनुरी तालुक्यात पैनगंगेच्या काठावरचं त्याचं गाव. गाव म्हणायचं खरं, पण गाव त्याला आपलं म्हणत नव्हतं. त्याची आई यल्लव्वा तेलंगणाकडून पोटामागे आली, तेव्हा हा तिच्या कडेवर होता. इथेच तो वाढला, इथल्याच मुलीशी लग्न केलं, लेक झाली, तरी गावात त्याचं नाव आंध्रावाला. माणूस कामाला वाघ आणि डोक्याने गरम. खाणीच्या मुकादमाचं नाक त्याने एकदा फोडलं, त्यात शिक्षा झाली. सुटून आल्यावर वर्षाच्या आत सरपंचाच्या पुतण्याने त्याच्या घडवलेल्या जात्याला लाथ मारली आणि आईवरून काही तरी बोलला. सायलूच्या हातात हातोडी होती. पुतण्याचा उजवा हात तेव्हापासून खांद्यावर जात नाही. सायलू पुन्हा तुरुंगात, आणि बाहेर आला तसा पोलिसांचा प्रस्ताव आमच्या टेबलावर. परभणी, नांदेड, यवतमाळ, तीन जिल्हे, दोन वर्षं. तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता, आम्ही परभणीतच होतो.

अठ्ठ्याण्णव सालच्या उन्हाळ्यातली ती सुनावणी. फौजदार म्हणाले, "साहेब, हा मूळचा इथला नाहीच. ह्याला त्याच्या मुलखात धाडून द्या, विषय मिटला."

साहेबांनी पेन उघडलं. "मूळ गाव कोणतं रे तुझं?"

सायलू म्हणाला, "मायला ठाऊक."

यल्लव्वा बाहेर व्हरांड्यात बसली होती. तिला आत बोलावलं. वाकलेली, हातावर गोंदण, मराठी तोडकं. साहेबांनी विचारलं, "आजी, तिकडं तुमचं कोण आहे?"

ती म्हणाली, "कोनी न्हाई सायेब. भूक हुती तिथं. म्हनून तर आलो."

मग साहेबांनी सायलूला विचारलं, मारलं का? तो म्हणाला, "व्हय, मारलं. दोनी बारीला मारलं." त्याची बायको कमल मागून म्हणाली, "साहेब, त्याचा आधी हात उठतो, मंग डोस्कं येतं. मानूस वंगाळ न्हाई." आणि त्याच वेळी पुतण्याची आई उठून उभी राहिली. सरपंचाची भावजय ती. तिने फक्त एवढंच सांगितलं, की तिच्या मुलाला आता घास तोंडात घालताना डावा हात वापरावा लागतो. मी सुनावणीच्या रोजनाम्यात हे दोन्ही लिहिलं. कुणाकडे बघावं तेच मला कळत नव्हतं.

तुम्हाला वाटेल, माझ्यासारखीने सायलूच्या बाजूने असावं. आमची वस्ती गावाबाहेरची. बाबासाहेबांमुळे मी शिकले, खुर्चीवर बसले, आणि त्या खुर्चीवर बसून माणसांना वेशीबाहेर घालवण्याचे कागद टाइप करत होते. हे माझ्या मनात यायचंच. पण पुतण्याच्या आईचं तोंडही माझ्यासमोर होतं.

साहेबांनी तीन दिवस फाइल घरी नेली. चौथ्या दिवशी मला बोलावून आदेश सांगितला. अठरा महिने. परभणी आणि नांदेड. यवतमाळ त्यांनी खोडलं.

फौजदार चिडले. "साहेब, नदी ओलांडली की यवतमाळ! हा तर समोरच्या काठावर जाऊन बसेल."

"बसू द्या," साहेब म्हणाले. "समोर बसला तर घरच्यांना दिसेल तरी. आणि पुतण्यापासून नदीभर लांब राहील."

मला इतका आनंद झाला होता! असा निकाल मी पहिल्यांदा बघत होते. कायदा पण राहिला आणि माणूस पण राहिला. मी लगबगीने जाऊन स्टेन्सिल कापायला बसले. ज्यांनी सायक्लोस्टाइल पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, मेणकागदावर टाइप करायचं, तो कागद शाईच्या रुळावर चढवायचा आणि हवे तेवढे छाप काढायचे. मेणकागद मोजून मिळायचा. एका आदेशाला एक, जास्त हवा तर मागणीची वर्दी लिहा, कारण द्या, भांडारपालाचं तोंड बघा. म्हणून अख्ख्या कार्यालयात माझं एक नाव होतं, की वाठोरेबाईंचा आदेश कधी दुसऱ्या पानावर जात नाही. मला त्याचा अभिमान होता.

आदेश झाला, प्रती गेल्या. एक ठाण्याला, एक परभणीला, एक सायलूला. सायलू बोचकं बांधून नदीपलीकडे गेला आणि साहेब म्हणाले होते तसंच झालं. तिकडच्या काठावर त्याने पालाचं खोपट उभं केलं, तिथल्या खेड्यांतून टाकी लावायची कामं धरली. कमल दर चार दिवसांनी पलीकडे जाऊन भाकरी द्यायची. कामाला कळमनुरीकडे गेले की मी विचारपूस करायची. त्या वर्षी दिवाळीनंतर कळलं, यल्लव्वा वारली. नदीला पाणी होतं. सायलू पलीकडच्या काठावर उभा होता आणि अलीकडच्या काठावर आईचं सरण जळालं. मला वाईट वाटलं. कायदा आहे, काय करणार, असं मी स्वतःलाच म्हटलं आणि टंचाईच्या कामाला लागले.

मग आलं नव्व्याण्णव. हिंगोली जिल्हा होणार! काय ते दिवस होते! आमच्या कार्यालयात कुणाचे पाय जमिनीवर नव्हते. कलेक्टरसाहेबांना खोली कोणती, खुर्ची कुठली, फोन कुठून ओढायचा, रोज नवं भांडण. सगळ्या रबरी शिक्क्यांवर 'जिल्हा परभणी', आणि नवे शिक्के काही येईनात. आमच्या गफ्फारभाईंनी ब्लेडने जुन्या शिक्क्यांतला परभणी कोरून काढला. गफ्फारभाई म्हणजे आमचे जुने शिपाई, निवृत्तीला आलेले, निजामाच्या काळातल्या गोष्टी सांगणारे. म्हणाले, "बाईसाब, मैंने रियासत जाते देखी, अब जिल्हा आते देखूंगा."

महाराष्ट्र दिनाला झेंडावंदन झालं, भाषणं झाली, पेढे वाटले. मैदानभर पोलीस. मी नवी साडी नेसून कार्यालयात धावत आले, कारण परभणीहून आमच्या फायलींचा ट्रक यायचा होता. व्हरांड्यात पांढराशुभ्र सदरा घातलेला एक माणूस उभा. वळला, तर सायलू!

तडीपार माणूस, मुदत संपायला सात-आठ महिने बाकी, आणि उभा कुठे, तर प्रांताच्या दारात, पन्नास पोलिसांच्या समोर. मी त्याला दाराआड ओढलं. "अरे, इथं पाय ठेवलास कसा?"

तो तर हसत होता. खिशातून घडी मोडून मोडून फाटलेला आदेश काढला. "बाई, ह्याच्यात परभनी जिल्हा लिवलंय. म्या मास्तरकून वाचून घेतलंय. आजपासून हिंगोली येगळी झाली. मंग मी घरी जाऊ ना? बुधवारी सुमनचं लगीन हाय."

सुमन म्हणजे त्याची लेक. मी तो कागद घेऊन वाचला. बरोबर होतं की! परभणी जिल्ह्यातून काढलेला माणूस, आणि सकाळपासून हे गाव परभणीत नव्हतं. वकिलालाही सुचलं नसतं असं या दगडफोड्याला सुचलं होतं. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. "थांब, इथून हलू नको," म्हटलं आणि साहेबांकडे पळाले.

साहेब हार काढून टेबलावर ठेवत होते. मी अगदी साळसूदपणे विचारलं, "साहेब, समजा एखादा माणूस परभणीतून तडीपार आहे. आज तो हिंगोलीत आला तर?"

साहेबांनी सुपारी गालात सरकवली. "हुकूम जमिनीवर असतो बाई, पाटीवर नाही. आदेश काढला त्या दिवशी जी जमीन परभणी होती, ती सगळी आजही त्याला बंद. आला तर गुन्हा." मग माझ्याकडे नीट बघितलं. "कोण आहे?"

"कुणी नाही साहेब. सहज."

"सायलू ना? कुठं आहे तो?"

"नदीपलीकडं," मी म्हणाले. नोकरीत साहेबांशी बोललेलं माझं हे एकच खोटं.

बाहेर ट्रक आल्याचा आवाज झाला. मी व्हरांड्यात आले तर गफ्फारभाईंनी माझ्याआधी सगळं ओळखलेलं होतं. त्यांनी सायलूच्या पांढऱ्या सदऱ्यावर धूळ चोळली होती, डोक्याला फडकं बांधलं होतं आणि लाल कापडात बांधलेला फायलींचा गठ्ठा डोक्यावर दिला होता. "चल बे, हमाल बन जा." आणि पोलिसांच्या मधून तडीपार सायलू तडीपारीच्या फायली वाहत होता! बंदोबस्तातला एक शिपाई तर त्याला म्हणाला, "सरक रे बाजूला, पाय मोडशील." मला हसू आवरत नव्हतं.

साहेब दारात आले. हमालांकडे बघितलं. सायलू समोरून गेला, गठ्ठ्याखालून नुसती हनुवटी दिसत होती. साहेब मोठ्याने, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "वाठोरेबाई, त्या नदीपलीकडच्या माणसाला निरोप धाडा, पलीकडंच थांब म्हणावं. आणि लेकीचं लग्न आहे असं कानावर आलंय, त्याला यायचं तर साधा अर्ज करायचा. चार दिवसांची परवानगी देता येते. आदेशाच्या शेवटी तसं लिहिलेलंच असतं." आणि आत जाता जाता, "नवल आहे. आई गेली तेव्हाही त्याने अर्ज केला नाही."

मी तिथेच उभी राहिले. आदेशाच्या शेवटी तसं लिहिलेलं असतं. हो, असतं. मरण, लग्न, आजारपण असेल तर या कार्यालयाकडे अर्ज केल्यास काही दिवस येण्याची परवानगी मिळू शकेल. साहेबांनी हा मजकूर स्वतः घालायला लावला होता, प्रत्येक आदेशात. आणि सायलूच्या हातातला तो फाटका कागद मी आत्ताच वाचला होता. तो एका पानात संपत होता, आणि शेवटी हा मजकूर नव्हता.

सायलूला गफ्फारभाईंनी वाशीमकडे जाणाऱ्या जीपमध्ये बसवून जिल्ह्याबाहेर काढलं. मी रेकॉर्डखोलीत जमिनीवर बसले आणि गठ्ठे सोडायला लागले. फाइल तपासणीसाठी परभणीला गेली होती, ती याच ट्रकने परत आली होती. चौथ्या का पाचव्या गठ्ठ्यात सापडली. आमची प्रतही एकाच पानाची. मला सगळं आठवलं. यवतमाळ का वगळलं याची कारणं साहेबांनी लांबवर लिहिली होती, मी खूश होऊन ती भराभर टाइप केली, मेणकागद खालपर्यंत भरला, आणि शेवटचा मजकूर बसेना. तो तर ठरलेला, नेहमीचाच, म्हणून मी सोडून दिला. दुसऱ्या मेणकागदाची वर्दी लिहायचा कंटाळा, आणि माझं ते नाव. साहेबांनी माझ्या भरवशावर न वाचता सही केली होती.

फाइल मी साहेबांपुढे उघडून ठेवली. त्यांनी वाचली, पान उलटलं, कोरी बाजू बघितली. त्यांच्या आवाजाने पाखरं उडायची, म्हणून मी डोळे मिटून उभी होते. पण ते एवढंच म्हणाले, "अर्ज आणा. आजच."

निरोप पोचताच अर्ज कमलने आणला, संध्याकाळच्या आत. आता पोलिसांचा अहवाल हवा, आणि पोलीस म्हणणार, जखमी माणसाच्या घरचे भडकतील, परवानगी नको. तसंच म्हणाले. साहेब म्हणाले, "त्यांचं म्हणणं तुम्ही कशाला सांगता? त्यांनाच विचारू." दुसऱ्या दिवशी रविवार. मी आणि गफ्फारभाई जीपने गावात गेलो. सरपंच ओट्यावरच आडवे आले, "आंध्रावाल्याला गावात पाय ठेवू देणार न्हाई." त्यांच्या मागून भावजय बाहेर आली. मी तिला विचारलं. ती नाही म्हणाली असती तर मी तिला चूक म्हणू शकले नसते.

तिने ओट्याच्या कोपऱ्यातल्या जात्याकडे बघितलं. सायलूनेच घडवलेलं असावं. मग म्हणाली, "पोरीचं लगीन हाय. येऊ द्या. पन आमच्या गल्लीतून न्हाई. माझ्या लेकाला तो दिसाया नगं."

"वहिनी, असं काहून?" सरपंच म्हणाले.

"तुमी ऱ्हावा गप. हात माझ्या लेकाचा गेलाय, तुमचा न्हाई."

मी तिथेच ओट्यावर बसून जबाब लिहिला आणि तिचा अंगठा घेतला. सोमवारी परवानगी निघाली. मंगळवार सकाळपासून बुधवारी सूर्यास्तापर्यंत. नदीच्या वाटेनेच येणं, नदीच्या वाटेनेच जाणं. दोन पानं झाली. मी दुसरा मेणकागद मागितला तेव्हा भांडारपाल चकित झाला.

पुढे मी नायब तहसीलदार झाले, संगणक आले, मेणकागद गेले. ज्या ज्या कार्यालयात होते तिथे तडीपारीचा आदेश आला की मी शेवटचा मजकूर आधी वाचायची. नवी मुलं हसायची, बाई पुस्तक शेवटाकडून वाचतात म्हणून. मी त्यांना कारण कधी सांगितलं नाही.

सुमनच्या लग्नाला मी गेले. सायलूने मला मांडवात पुढे बसवलं आणि येईल त्याला सांगत राहिला, "ह्या बाईनं चिठ्ठी काढून देली. ह्या बाईमुळं कन्यादान झालं." बायका माझ्या पाया पडायला लागल्या. मी हातातली बुंदी ताटात ठेवली. सुमन गाडीत बसून गेली, सायलू रडला, आणि बोचकं उचलून नदीकडे निघाला. मी त्याच्यामागे गेले. सांगायचं ठरवून गेले होते, पण वाटेत माझं तोंड उघडेना.

पाण्याशी येऊन त्याने चपला हातात घेतल्या. मग तोच वळला.

"बाई, एक इचारू? माय गेली तवा बी अशी चिठ्ठी भेटली असती का?"

कार्यालयात वर्षानुवर्षं घासलेली जीभ माझी. तेव्हाची परिस्थिती वेगळी होती, अहवाल मागवावा लागला असता, अशी वाक्यं दातांपर्यंत आली. मी ती गिळली.

"भेटली असती," मी म्हणाले. "तसं तुझ्या हुकुमात लिहायचं होतं. मी सोडलं. कागदात जागा नव्हती म्हणून."

त्याने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आधी हात उठतो आणि मग डोकं येतं, तसा उठेल. उठला असता तर बरं झालं असतं.

"किती लिवायचं व्हतं?" त्याने विचारलं.

"दोन ओळी."

"दोन," तो म्हणाला. परवानगीचा कागद त्याने घडी घालून वरच्या खिशात ठेवला, भिजू नये म्हणून खिशावर हात धरला आणि पाण्यात उतरला. सूर्यास्ताला अजून बराच वेळ होता. मी त्याला थांब म्हणाले नाही. तो पलीकडे पोचला, खोपटात वाकून शिरला, आणि मी अलीकडे उभी होते.